बनावट घोडदळ

शनिवारी दुकान उघडून तासही झाला नव्हता, तोच कंपनीच्या तपासणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आगाऊ फोन नाही, निरोप नाही. बारकी तेव्हा दुकानात आलेल्या दोन नवख्या मैत्रिणींना ब्रशचं टोक कसं धरायचं ते दाखवत होती. बोटाएवढा प्लॅस्टिकचा सैनिक, त्याच्या अंगरख्यावर निळा रंग, आणि दोघींच्या जिभा एकाग्रतेनं बाहेर आलेल्या. बाईंनी तो धडा संपेपर्यंत वाट पाहिली. मैत्रिणी हसत गेल्यावर त्यांनी काउंटरवर फोन ठेवला आणि एक फोटो दाखवला.

"हे ओळखता?"

फोटोत सेकंडहँड मालाची फळी होती. लाकडी, कोपऱ्यातून जरा वाकलेली. बारकीनं ती फळी स्वतः ठोकली होती. न ओळखायला काय झालं!

"माझ्या भावाचं दुकान," ती म्हणाली.

"माहीत आहे. नोकरीच्या अर्जात तुम्हीच लिहिलं होतं. तक्रार आलीय, तिथं आपल्या मालाच्या नकला विकल्या जातात म्हणून. आपण दोघी आत्ता जाऊन बघू."

"मॅडम, मी सख्खी बहीण आहे त्याची. मला नेणं बरं दिसेल का?"

"बंद झालेला जुना माल मला तितकासा कळत नाही. तुम्हाला कळतो. आणि तुम्ही खोटं बोललात, तर तेही मला कळेल." बाईंच्या आवाजात धमकी नव्हती. बारकीनं ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

बारकी म्हणजे घरातलं शेंडेफळ, म्हणून बारकी. आता छत्तीस वर्षांची होती, तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. टेबलावरच्या युद्धाचा नाद तिला दादानंच लावला. पुठ्ठ्याचे डोंगर, रंगवलेली सैन्यं, मोजपट्टीनं चाल मोजायची आणि फाशांवर नशीब टाकायचं. दादाच्या दुकानात तिनं नऊ वर्षं काढली. मग दोन गल्ल्या सोडून कंपनीनं स्वतःचं दुकान उघडलं, मॅनेजर हवा म्हणून जाहिरात दिली आणि बारकीनं अर्ज केला. दादा एवढंच म्हणाला, "म्हणजे आता तू पलीकडच्या सैन्यात." हसत म्हणाला, पण त्या गोष्टीला दोन वर्षं झाली तरी तिच्या दुकानाची पायरी तो चढला नव्हता.

दोन दुकानांत फरक तरी किती! कंपनीच्या दुकानात फक्त कंपनीचा माल. रंग कंपनीचे, ब्रश कंपनीचे, टेबलं दोनच आणि खेळायला तासाभराची मुदत. दुसऱ्या कुणी बनवलेला एकही सैनिक टेबलावर चालायचा नाही. पण दिवे लख्ख, नवा माल सगळ्यांच्या आधी, आणि कालपर्यंत फासा न धरलेला माणूस आत आला तर बारकी पहिला सैनिक त्याला फुकट रंगवायला द्यायची. दादाकडे आठ टेबलं, पाच-सहा कंपन्यांचे खेळ, जुन्याचा बाजार, वर चहाची किटली. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी घरून फोन आला की उठायचा. मात्र नवखा दारात दिसला की सगळी जुनी खोंडं एकदम मान वळवून बघायची. बारकीला ते आधी कधी जाणवलं नव्हतं. कंपनीच्या दुकानात आल्यावर, "तिकडं जायला भीती वाटते हो," असं चार जणींनी सांगितलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तिनं दारावर 'तासाभरात येते'ची पाटी लावली. कुलूप घालतेय तोच फोन वाजला. दादा! बाई शेजारीच उभ्या होत्या.

"उचला," त्या म्हणाल्या. "फक्त कुणाबरोबर येताय ते सांगू नका."

"बारके, आज सामने आहेत गं. चक्कर टाकतेस का?" दादाच्या मागे फाशांचा खडखडाट ऐकू येत होता.

"येते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"आवाज का असा? बरी आहेस ना?"

"बरी आहे. ठेवते."

दोन गल्ल्यांचं अंतर ते केवढं! पण बारकी पावलं मोजत चालली. कंपनी दादाला माल द्यायची ती एका करारावर, आणि नक्कल विकणाऱ्याचा माल बंद, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. दादाकडे येणारे निम्मे लोक कंपनीचाच खेळ खेळायला यायचे. तो माल थांबला, तर त्या आठ टेबलांपैकी किती भरतील?

दुकानात पाऊल टाकलं आणि दादानं खुशीत हात वर केला. मग त्याला मागच्या बाई दिसल्या, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र दिसलं, आणि तो हात हळूहळू खाली आला. बाईंनी ओळख दिली, काम सांगितलं. दादानं बारकीकडे पाहिलंच नाही.

"बघा की. दुकान उघडंच आहे," तो म्हणाला.

बाई नव्या मालाच्या कपाटाकडे गेल्या आणि एकेक खोकं उलटून शिक्के तपासू लागल्या. बारकीला त्यांनी नुसत्या मानेनं जुन्याची फळी दाखवली. सामने चालूच होते, पण बोलणं थांबलं होतं. तिसऱ्या टेबलावर मास्तर बसले होते. निवृत्त शिक्षक, सत्तरी उलटलेली, हात थरथरायचा. पण ब्रश हातात आला की तोच हात कसा कोण जाणे, स्थिर व्हायचा. बारकीला घोड्याचे डोळे रंगवायला त्यांनीच शिकवलं होतं.

फळीवर मधोमध घोडदळाचं खोकं होतं. बारा स्वार. कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेला संच, आणि रंगकाम असं की बघत राहावं. तिनं एक स्वार उचलला, आणि तिथंच तिला कळलं. वजन! अस्सल संच धातूचा होता, हातात घेतला की तळवा दबायचा. हा बिस्किटासारखा हलका. तिनं तो उलटा केला. बैठकीखालच्या शिक्क्याच्या कडा झिजलेल्या, साबणाच्या वडीसारख्या. घोड्याच्या नाकपुडीत टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, साच्यात हवा अडकली की पडतो तसा. दुसरा उचलला. त्याच जागी तोच खड्डा.

तिनं मान वर केली. दादा काउंटरमागून तिच्याकडेच बघत होता. त्यानं अगदी किंचित, कुणाला कळणारही नाही अशी, मान हलवली. नको.

म्हणजे याला माहीत होतं!

बाई पाठमोऱ्या होत्या. बारकीच्या खांद्याला मोठी पिशवी होती, तोंड उघडं. खोकं आत सरकवायला किती वेळ लागला असता? मग बाहेर पडायचं, 'काही सापडलं नाही' म्हणायचं, सगळं सुरळीत. तिचा हात खोकं धरून पिशवीकडे निघालासुद्धा. पण फोटो कुणीतरी काढला होता. याच लोकांपैकी कुणीतरी. त्यानं पुन्हा काढला तर? आणि उद्या एखाद्यानं हे घोडदळ अस्सल समजून नेलं तर? फाशांचा आवाजही आता थांबला होता.

"दादा," ती म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "हे घोडदळ बनावट आहे. विकू नकोस."

बाई वळल्या. दादाचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला.

"कुणी आणलं हे?" बाईंनी विचारलं.

"मी घेतलंय. चूक माझी. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा," दादा म्हणाला.

"तसं नाही," तिसऱ्या टेबलावरून आवाज आला. मास्तर उठून उभे राहिले होते. टेबलाची कड धरून. "मी दिलं यांना. मी... मला अस्सल म्हणूनच मिळालं होतं. दोन महिने रंगवत होतो." त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "बनावट आहे?"

बारकीनं होकारार्थी मान हलवली.

मास्तरांनी अर्धा राहिलेला डाव तसाच सोडला. आपले सैनिक एकेक करून फोमच्या पेटीत ठेवले. थरथरत्या हातांना प्रत्येक खाच सापडायला वेळ लागत होता, पण मदतीला जायची कुणाची छाती झाली नाही. ते बाहेर पडले आणि दार लागलं. दादानं खोकं उचलून बाईंसमोर ठेवलं, कागदावर सही केली आणि बारकीला म्हणाला, "झालं ना काम? जा आता."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "कपाटाच्या काचेत तुम्ही मला दिसत होतात. हात पिशवीकडे निघाला होता."

"हो," बारकी म्हणाली. "निघाला होता."

बाई थोडं चालल्या. "तुमच्या भावानं नकला स्वतःच फळीवरून काढल्या, असं लिहीन. माल कायमचा बंद होणार नाही. पण एक महिना काही मिळणार नाही त्यांना. त्याला माझा इलाज नाही."

तो महिना नेमका नव्या संचाचा होता. दादाची माणसं एकेक करून बारकीच्या दुकानात आली, खोकी घेऊन गेली. कुणी तिच्याशी नीट बोललं नाही. विक्रीबद्दल वरून कौतुकाचा संदेश आला, तो तिनं वाचून पुसून टाकला. तीनदा दादाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. चौथ्यांदा वहिनीनं उचलला आणि हळूच म्हणाली, "थोडे दिवस जाऊ देत गं. घरातसुद्धा बोलत नाहीयेत."

बाराव्या दिवशी, दुपारी दुकान रिकामं असताना, दादा आत आला. हात मागे बांधून सगळीकडे फिरला. रंगांच्या बाटल्या पाहिल्या, दोन टेबलं पाहिली, भिंतीवरचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

"दवाखान्यासारखं आहे," तो म्हणाला.

"रागावलायस?"

"हो." एक बाटली नीट लावत म्हणाला, "तुझ्यावर थोडा. माझ्यावर जास्त. मला आठ दिवस आधी कळलं होतं."

"मग फळीवर का राहू दिलंस?"

"मास्तरांनी स्वतःच्या हातानं मांडलं होतं गं. शाळकरी पोरासारखे खूश होते. म्हटलं, कुणी मागितलं तर काहीतरी थाप मारून टाळीन. त्यांना सांगायची हिंमतच झाली नाही."

"आणि मी चारचौघांत सांगितलं."

"तू चारचौघांत सांगितलंस," दादा म्हणाला. "ते येत नाहीत आता. फोन बंद. दोनदा घराखाली जाऊन परत आलो."

बारकीनं 'तासाभरात येते'ची पाटी उचलली. "चल."

मास्तर तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. घंटी वाजवल्यावर आतून काही हालचाल झाली आणि थांबली. दाराच्या भिंगातून कुणीतरी बघत होतं. दादा परत फिरायच्या बेतात होता. बारकीनं त्याची बाही धरून ठेवली. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

"दोघं आलात," मास्तर म्हणाले. आत या, असं मात्र म्हणाले नाहीत.

"मास्तर, मी तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं," बारकी म्हणाली. "घाबरले होते. चुकलं माझं."

"आणि मी तर सांगितलंच नाही," दादा म्हणाला.

मास्तरांनी कडीवरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "लोकांना वाटलं असेल, म्हातारा फसवतोय."

"कुणाला नाही वाटलं. सगळे विचारतात, मास्तर कुठं आहेत."

"कसं ओळखलंस?" त्यांनी एकदम विचारलं. "मला दोन महिन्यांत कळलं नाही, तुला दोन मिनिटांत कळलं. कसं?"

बारकीनं सांगितलं. वजन, शिक्क्याच्या कडा, नाकपुडीतला खड्डा. मास्तर ऐकता ऐकता दारातून बाजूला झाले, आणि आतल्या कपाटातून एकापाठोपाठ एक खोकी काढून जेवणाच्या टेबलावर मांडू लागले.

"बघ सगळी. एकदाच काय ते कळू दे."

तिला दोन तास लागले. मास्तर शेजारी बसून प्रत्येक सैनिक तिच्या हातात देत होते, आणि ती तो उलटा करी तेव्हा पुढे वाकत होते. दादा खिडकीशी उभा राहून नखं कुरतडत होता. एका पेटीतले सात तिनं बाजूला काढले. मास्तरांनी ते एका ओळीत मांडले. मग पुढच्या पेटीतला एक त्यांनी तिच्या आधी स्वतःच तळव्यावर तोलला, भिंगाखाली धरला, आणि तिच्यासमोर ठेवला.

"हाही," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "आणखी चार खोकी आहेत माळ्यावर. शिडी धरायला कुणीतरी लागेल."

दादा खिडकीपासून हलला.