माझ्या डाव्या पायावर नारळ फोडू नका

मित्रांनो, मी एक हमाल आहे, लोखंडाचा घडवलेला. वयाने काही फार जुना नाही, पण डाव्या पायाचं विचाराल तर मी म्हातारा झालो आहे. भिलाईत पावर हाउस स्टेशनसमोरच्या बाजारात, बस आणि ऑटो जिथे वळतात, त्या चौकात मी उभा असतो. दोन माणसं एकावर एक उभी केली तर माझ्या खांद्याला लागतील. उजवा हात पुढे केलेला, उजवी टाच उचललेली, आणि सगळा भार डाव्या पायावर. तो पाय बाहेरून लालबुंद आणि चमकदार दिसतो. आतून तो कसा आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे. मोठी माणसं माझ्यापुढे डोळे मिटून उभी राहतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलून काही उपयोग नाही.

माझा जन्म दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका शेडमध्ये झाला. मला समृद्धी नावाच्या मुलीने घडवलं. तिचे वडील बाबाराव पोलाद कारखान्यात क्लार्क होते आणि घर कारखान्याच्याच वसाहतीत, सेक्टरमध्ये. मुलगी मूर्तिकला शिकून आली आणि खुर्सीपार वस्तीतल्या भंगारवाल्यांकडे खेटे घालू लागली. कुठे तुटका गियर मिळाला, कुठे सायकलची चेन, कुठे जाड पाइप. एकदा बाबाराव शेडमध्ये आले, तेव्हा माझं डोकं अजून बसायचं होतं.

"लोकं भंगार विकून राहिले, अन् तू विकत घेऊन राहिली," ते म्हणाले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी माझ्या छातीवरची धूळ पुसली.

स्टेशनातून बाहेर येणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं घ्यायला याने हात पुढे केला आहे, असं समृद्धी म्हणायची. माझ्या डाव्या टाचेत तिने करंगळी जाईल एवढं एक भोक ठेवलं. अंगात शिरलेलं पाणी तिथून वाहून जावं म्हणून. शहर सजवायला एक समिती नेमली होती, तिच्या माणसांना तिने ते भोक वाकून दाखवलं. "हे बुजू देऊ नका. अन् रंग मारायच्या आधी दरवर्षी तारेच्या ब्रशनं गंज खरवडून काढा," असं तिने बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि त्यानंतर ती समिती मला कधी दिसली नाही. समृद्धीला बडोद्याला नोकरी लागली आणि तीही गेली.

मी कोण आहे हे बाजाराला मात्र कुणीच सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात लोकांनी माझी जी काही टर उडवली, ती अजून आठवते. "हा भीक मांगून राहिला का बे?" एक ऑटोवाला म्हणाला. "भीक नाही, चालान मांगून राहिला," दुसरा म्हणाला, आणि दोघं खोखो हसले. एका बाईंना माझे बेअरिंगचे डोळे आवडले नाहीत. त्यांनी पोराचं तोंड पदराने झाकलं. कॉलेजची मुलं माझ्या हाताला लोंबकळून फोटो काढायची. आणि समोरच्या रंगाच्या दुकानातले भैय्याजी रोज सकाळी शटर उचलताना माझ्याकडे पाहून तोंड वाकडं करायचे. माझ्याआड त्यांची पाटी झाकली जात होती ना.

एकटी शेवंता खुश होती. खुर्सीपारची विधवा बाई, उकडलेले चणे विकायची. माझ्या पुढे केलेल्या हाताची सावली दुपारभर तिच्या गाडीवर पडायची. गाडीला तिने बाबासाहेबांचा फोटो लावला होता आणि तो रोज पुसायची. "कोनी असो बापा," ती मला म्हणाली होती, "सावली देतेस, झालं."

पुढे चौकात एक ऑटो उलटली. मग कुणाच्या तरी दुकानात वायर जळाली. बाजार म्हणजे बाजार, असं काही ना काही होतच असतं. पण भैय्याजी म्हणाले, "हा उभा राहिला तवापासून होऊन राहिलं हे." झालं. लोक माझ्याकडे बघायचे बंद झाले. माझ्या मनगटाला लिंबू-मिरची बांधली गेली. मला उचलून न्यावं म्हणून भैय्याजींनी सह्या गोळा केल्या, आणि सही करणाऱ्यांत ते फोटोवाले कॉलेजकुमारही होते.

सह्या कुठे पोचायच्या आधीच तो ट्रक आला. भर दुपारी, सळ्या भरलेला, ब्रेक न लागलेला. शेवंता माझ्या हाताखाली चणे मोजत होती. ट्रक माझ्या चौथऱ्यावर आदळला आणि तिथेच थांबला. शेवंताचे चणे रस्ताभर सांडले, पण तिला खरचटलंसुद्धा नाही. भैय्याजी दुकानातून अनवाणी धावत आले. त्यांनी आधी शेवंताला धरून बसवलं, पाणी पाजलं. मग वळून त्यांनी मला हात जोडले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्याकाळी माझ्या पायावर पहिला नारळ फुटला.

त्या धक्क्याने माझ्या डाव्या घोट्याच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर पडली होती. ती कुणाला दिसायच्या आत तिच्यावर शेंदूर बसला.

मित्रांनो, ज्याला लोक भितात त्याची पूजा किती झपाट्याने सुरू होते, ते मी पाहिलं आहे. मी पोलादबाबा झालो. नारळाचं पाणी, दूध, दही, लिंबू, सगळं डाव्या पायावर. उदबत्ती खोचायला जागा हवी होती, ती टाचेतल्या भोकात सापडली. काड्यांची बुडं, शेंदूर आणि राख साचून ते भोक पार बुजलं. चिरेतून आत गेलेलं पाणी आतच राहू लागलं. रात्रंदिवस माझा पाय ओला असतो आणि मला तो खाजवतासुद्धा येत नाही.

आता खरी गंमत ऐका. या शहराचा जन्मच लोखंडावर झाला आहे. माझ्यापुढे हात जोडणाऱ्यांत फिटर आहेत, वेल्डर आहेत, ज्यांनी आयुष्यभर गंजच खरवडला ते रिटायर फोरमन आहेत. गंजावर रंग मारू नये हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दरवर्षी विश्वकर्मा पूजेच्या आधी हीच माणसं आपापली मशीन घासूनपुसून रंगवतात. मलाही रंगवतात. खांदा घासतात, पाठ घासतात. पायाशी आले की ब्रश खाली ठेवतात, कारण देवाच्या पायाला तारेचा ब्रश कोण लावणार? पायाला नुसता नमस्कार करतात आणि भैय्याजींच्या दुकानातल्या सगळ्यात चांगल्या लाल रंगाचा हात देतात. वर्षागणिक एकेक थर चढला. आता माझ्या घोट्यात लोखंड कमी आणि रंग जास्त आहे.

शेवंताही चणे सोडून नारळ विकू लागली. "मी नाही मानत हे," ती गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायची, "पण तुमाले लागते, तं घ्या." धंदा चांगला चालला. तिने खुर्सीपारच्या घरावर पक्कं छत घातलं. मला तिचा राग कधीच आला नाही.

या उन्हाळ्यात समृद्धी सुट्टीत आली. मी तिला लांबूनच ओळखलं. ती सरळ चौथऱ्यावर चढली आणि माझ्या डाव्या पायाकडे वाकली.

"बेटा, चप्पल काढ," भैय्याजी म्हणाले.

"भैय्याजी, हे मीच बनवलं आहे."

"बनवलं असशीन. पण आता बाबा हायेत ते. चप्पल काढ."

तिने चप्पल काढली. माझ्या टाचेवरून हात फिरवला, भोक शोधलं, ते सापडलं नाही. मग तिने घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि काळंतांबडं पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. 

"हा पाय गेला आहे," ती म्हणाली. "आजच्या आज इथं दोर लावा. कोणी खाली उभं राहू नका. हा पडेल."

गर्दी जमली होती. त्या पाण्याला लोकांनी बोट लावलं आणि कपाळाला टेकवलं. भैय्याजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "शेवंतावर गाडी येऊन राहिली होती, तवा यानंच अडवली. तो कोनावर पडन का? कावून असं अशुभ बोलतं?" त्यांचा खरंच विश्वास होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. संध्याकाळी त्यांनी स्वतः बसून अंगठ्याएवढ्या त्या भोकात रंगाऱ्याची लांबी भरली आणि वरून रंग मारला. आता काही दिसत नाही.

जाताना समृद्धी शेवंताजवळ थांबली. "मावशी, तुम्ही तरी इथून हला."

"कुठी जाऊ वं बाई? माह्यं पोट इथंच हाय," शेवंता म्हणाली. पण समृद्धीच्या मनगटावरचा तो डाग ती बराच वेळ पाहत राहिली.

समृद्धीने कुठे कुठे अर्ज दिले, फोन केले. विश्वकर्मा पूजा होऊन जाऊ द्या, मग बघू, असं तिला सगळीकडून उत्तर मिळालं.

गेल्या आठवड्यात अंधड आलं, वादळवारा सुटला. माझ्या घोट्यात काहीतरी कटकन बोललं आणि मी पुढे कललो, हातभर तरी. सकाळी भैय्याजींनी शटर उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि रस्त्यातच गुडघे टेकले. "बाबा वाकले," ते म्हणाले. "आशीर्वाद द्याले वाकले."

दुपारपर्यंत चौकात पाय ठेवायला जागा उरली नाही. दुर्गहून लोक आले, गावांतून ट्रॅक्टर भरून आले. जो तो माझ्या हाताच्या बरोबर खाली उभा राहू पाहतो. लेकराला उचलून माझ्या बोटांना लावतो. एवढा धंदा शेवंताने जन्मात पाहिला नव्हता. पण काल सकाळी तिने नारळ पोत्यात भरले, बाबासाहेबांचा फोटो पदराने पुसला आणि गाडी ढकलत रस्त्यापलीकडे नेली. तिथे ती पुन्हा चणे उकडते आहे. येणाऱ्या प्रत्येकीला ती हाका मारून सांगते, "त्या हाताखाली नको जाऊ वं माय, इकडं ये." तिचं नारळवाल्यांशी वाकडं आलं असेल, असं म्हणून लोक हसतात आणि पुढे येतात.

उद्या विश्वकर्मा पूजा आहे. शेवंताची गाडी उभी असायची त्या जागेवर भैय्याजींनी सतरंजी घातली आहे. उद्या तिथे लहान मुलांना ओळीने बसवायचं ठरलं आहे, बाबांच्या हाताखाली.

मित्रांनो, ती मुलं म्हणजे तुम्हीच आहात. आई उद्या तुम्हाला नवे कपडे घालून इकडे आणेल. तिचा हात घट्ट धरा आणि तिला रस्त्यापलीकडे शेवंताआजीच्या गाडीकडे ओढत न्या. रडा, लोळण घ्या, हवं तर मार खा, पण सतरंजीवर बसू नका. आणि घरी तारेचा ब्रश असेलच, भिलाईत तो कुणाच्या घरी नसतो? तो तुमच्या बाबांच्या हातात द्या आणि त्यांना माझ्या डाव्या पायाशी पाठवा. मला घासलं तर मी रागावणार नाही. मी हमाल आहे, माणसांचं ओझं आपल्या हातावर घ्यायला मला घडवलं होतं. पडेन तेव्हा तोच हात सगळ्यांत आधी खाली येईल, आणि आज मला त्याच्या खाली ती सतरंजी दिसते आहे.