कुंदाबाईंचं कपाळ आणि मी

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. नाव ऐकून बावरू नका. सोनोग्राफीच्या मशीनला वायरने बांधलेला, डॉक्टर अंगावरून फिरवतात तो ठोकळा, तोच मी. मी आवाज सोडतो, तो शरीराच्या आत जातो, आपटून परत येतो आणि त्याचं चित्र पडद्यावर उमटतं. फक्त तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. म्हणजे जन्मभर बडबडतोय आणि एकानेही ऐकलेलं नाही, असं माझं नशीब.

माझी उमेदीची वर्षं धुळ्याच्या एका दवाखान्यात गेली. त्याच मशीनला माझा भाऊ होता, पोटावर फिरणारा. बाळाचे ठोके दिसले की बाया हसता हसता रडायच्या आणि त्याचं कोण कौतुक व्हायचं! माझ्या वाट्याला मानेच्या गाठी नि पायाच्या फुगलेल्या शिरा. पुढे दवाखाना बंद पडला. सोनोग्राफीचं मशीन काही खाटेसारखं टेम्पोत टाकून नेता येत नाही, त्याला सरकारी परवानगी लागते. ती येईपर्यंत आम्हाला सील ठोकून सात महिने खोलीत कोंडून ठेवलं. त्या सात महिन्यांत मला कुणाचा हातही लागला नाही.

शेवटी जळगावच्या कामिनी डॉक्टरांनी रीतसर कागद करून आम्हाला नेलं. त्या त्वचेच्या डॉक्टर. त्यांच्याकडे लोक कपाळावरच्या आठ्या घालवायला येतात. कपाळात बारीक रक्तवाहिन्या असतात, काही थेट डोळ्याकडच्या वाहिन्यांना जुळलेल्या. सुई भलतीकडे गेली तर माणसाची दृष्टी जाऊ शकते. म्हणून आधी मी आतलं दाखवायचं, मग त्यांनी टोचायचं. काम मोलाचं, पण माणसं उठली की आरशाकडे धावतात. माझ्याकडे कोण बघतो?

एका मे महिन्यात बोदवडकडच्या कुंदाबाई आल्या. केळीच्या बागेत आयुष्य काढलेल्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेल्या. घरात एकट्याच. मुलगा तेजस पुण्याला. तीन वर्षांचा नातू त्यांना फोनच्या पडद्यावरच भेटायचा आणि भुवयांमधली खोल आठी बघून आईच्या मागे लपायचा. आजी रागावली, म्हणायचा. हौस म्हणून आलेली बाई नव्हती ती.

आत औषध टोचून आठी भरून काढायची ठरली. त्या दिवशी एसी बंद होता. जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, माझ्या तोंडाला लावायचं जेल पाण्यासारखं पातळ झालं आणि ओघळून कुंदाबाईंच्या डोळ्यात गेलं. म्हणून डॉक्टरांनी जेल नावाला लावलं आणि तरी चित्र यावं म्हणून मला जोरात दाबून धरलं. इथेच घोटाळा झाला. दाबलं की बारीक रक्तवाहिनी चपटी होते आणि पडद्यावरून नाहीशी होते. माझ्याखाली ती दबलेली मला कळत होती. पडदा मात्र जागा मोकळी आहे असं सांगत होता, आणि तो माझ्याच जिवावर बोलत होता. मी ओरडत होतो, पण माझा आवाज कुणाला ऐकू येतो? डॉक्टरांनी सुई उचलली.

तेवढ्यात कुंदाबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, इतकं दाबू नको. तठी ठणकतं मले."

डॉक्टरांचा हात सैल झाला. आणि पडद्यावर, नेमकी सुई जाणार होती तिथे, त्या रक्तवाहिनीचा लाल ठिपका धडधडायला लागला. सुई ट्रेमध्ये ठेवून डॉक्टर स्टुलावर बसल्या आणि चूक लपवली नाही. "मावशी, मी घाई केली. तुम्ही बोलला नसतात तर डोळ्यावर बेतलं असतं."

मग जेल बर्फात घालून घट्ट केलं. आठी भरायचा बेत सोडून मला अलगद टेकवलं आणि रक्तवाहिनी चुकवून आखडलेला स्नायू सैल करायची दोन बारीक इंजेक्शनं दिली. मधल्या खोल आठीला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी कुंदाबाईंना सांगून टाकलं. ती राहणारच होती.

कुंदाबाईंनी आरसा मागितला नाही. पडद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे माह्या कपाळाच्या आतलं शे का? मग सांग पोरी, आत कुठी राग दिसतो का?"

डॉक्टरांनी पडद्याकडे नीट पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

कुंदाबाई पुन्हा आल्या नाहीत. नातू लपायचा थांबला की नाही, मला कुणी सांगितलं नाही. आता मी पुष्कळदा कपाटातच असतो. मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझी वायर मुडपू नका, आणि दाबू नका. एवढं माझ्यासाठी. आणि तुमची आजी फोनवर रागीट दिसली, तर पळू नका रे. एकदा तिच्या घरी जा आणि तिच्या कपाळाला कपाळ लावा. मी टेकून पाहिलंय. राग कुठेच नव्हता.