जास्तीचा प्रकाश

मास्तरांचे आभार मानणं म्हणजे हातातून निसटणारा साबण पकडण्यासारखं आहे. तुम्ही तोंड उघडायच्या आत त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. निरोपसमारंभात मालक त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लागले, तर हे मध्येच म्हणाले, "साहेब, माणूस अजून जिवंत आहे, जरा आवरतं घ्या." सगळे हसले आणि भाषण तिथेच संपलं.

म्हणून मी कॅमेरा घेऊन गेले.

मास्तर छापखान्यात कॅमेरा चालवायचे. खोलीएवढा कॅमेरा, पुढे फळीवर छापायचं पान आणि मागे लिथ फिल्म. ही फिल्म फार एककल्ली. तिला फक्त काळं आणि पांढरं कळतं, मधलं काही नाही. लाल रंग तर तिला दिसतच नाही, म्हणून तिचं सगळं काम लाल दिव्यात चालतं. मास्तर म्हणायचे, "ही फिल्म माझ्या सासऱ्यांसारखी. मधला मार्ग नाही."

मी त्यांच्यानंतरच्या टेबलावर. निगेटिव्ह सगळी काळी आणि अक्षरं काचेसारखी पारदर्शक. धुळीमुळे त्या काळ्यात बारीक भोकं राहायची. निगेटिव्ह खालून उजेड सोडलेल्या काचेवर ठेवून ती भोकं ब्रशने, तांबड्या रंगाने बुजवायची. मला सगळे ठिपकेबाई म्हणत.

नोकरीला दोन महिने झाले होते. मी तात्पुरती, घरात मिळवती मी एकटी आणि मुलगी दीड वर्षाची. तेव्हा मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं पत्रक छापायला आलं. त्यात डोस अडीच मिलिलिटर, दोन आणि पाच आकड्यांत लिहिलेला, मध्ये दशांशाचा ठिपका. बारा हजार पत्रकं छापून झाल्यावर मशीनवाल्याच्या लक्षात आलं की ठिपका गायब आहे. अडीचाचे पंचवीस झाले होते. पत्रकं बाहेर गेली नाहीत, कुणा लेकराला काही झालं नाही, पण छापखान्यात आभाळ कोसळलं.

मालकांनी विचारलं, "निगेटिव्ह कुठाय?"

"फाडून टाकली," मास्तर म्हणाले. "प्रकाश जास्त झाला माझ्याकडून. ठिपका बुजला. चूक माझी."

तसं होतं कधीकधी. फिल्मला प्रकाश जास्त झाला की बारीक गोष्टी बुजतात. मीही ते खरं मानलं. खरं सांगायचं तर मला ते खरं मानायचंच होतं. मास्तर त्या वर्षी विभागप्रमुख होणार होते. ते झाले नाहीत, नंतरही कधी झाले नाहीत. मी मात्र कायम झाले आणि वर त्यांनीच मला कॅमेरा शिकवला. कधी ब्रश धुताना मनात यायचं, तो ठिपका मी तर बुजवला नसेल ना? भोक काय आणि दशांशचिन्ह काय, काचेवर दोन्ही सारखीच दिसतात. पण विचारायची हिंमत झाली नाही. सव्वीस वर्षं मी त्या प्रश्नाकडे कानाडोळा केला.

आता मास्तर मुलाकडे राहायला चालले होते, लांब, कायमचे. सामान आवरताना त्यांनी मला लिथ फिल्मचं एक जुनं खोकं दिलं. "तू अजून फोटोंचे उद्योग करतेस ना? घे. तुझी वहिनी रद्दीत घालेल नाहीतर."

घरी लाल दिव्यात खोकं उघडलं. बऱ्याच फिल्म वयाने कडेकडेने खराब झालेल्या, तीन बऱ्या निघाल्या. तळाशी पाकिटात एक जुनी निगेटिव्ह होती. लाल दिव्यात ती नुसतीच काळी दिसली, मी बाजूला ठेवली. सकाळी खिडकीशी धरली. दोन आणि पाच यांच्या मध्ये तांबड्या रंगाचा एक ठिपका होता. माझ्या ब्रशचा.

त्यांनी ती फाडली नव्हती. खोक्यात ती विसरून राहिली की त्यांनी मुद्दाम ठेवली, देव जाणे.

फोन केला. "मास्तर, मला तुमच्याशी—" एवढंच बोलले, तर ते म्हणाले, "खोकं परत घेणार नाही हं मी." आणि मग पंधरा मिनिटं ते ट्रकवाल्याबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी माझा लाकडी कॅमेरा, लाल दिवा, फिल्म धुण्याची रसायनं आणि त्या तीन फिल्म घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "जाण्याआधी तुमचा एक फोटो काढायचाय."

"या फिल्मवर? माझं नाक बघ किती लाल आहे. काळं येईल. दरोडेखोर दिसेन."

"दिसालच, मास्तर."

अर्ध्या खोलीत बांधलेली खोकी होती. खिडकीशी खुर्ची ठेवली. ही फिल्म अतिशय मंद, खिडकीच्या उजेडात तिला आठ सेकंद लागतात. तेवढा वेळ माणसाने हलायचं नाही, ओठही हलवायचे नाहीत. मी भिंगावरचं झाकण काढलं आणि मोजायला लागले. पाचावर मास्तर म्हणाले, "मान अवघडली." न्हाणीघरात लाल दिवा लावून फिल्म धुतली, तर तोंडाच्या जागी धुरळा.

दुसऱ्या वेळी वहिनींनी दम दिला, तेव्हा ते गप्प बसले. चित्र उमटवणारं रसायन, डेव्हलपर, मी दहापट पाणी घालून पातळ केलं होतं, म्हणजे फिल्मचा हट्ट जरा कमी होतो. तरीही अर्धा चेहरा काजळ आणि अर्धा चुना.

"सासरेबुवा," मास्तर म्हणाले. "ऐकणार नाहीत."

एकच फिल्म उरली. कॅमेऱ्यात ती बसवताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला जगात गप्प बसवणारी एकच गोष्ट आहे आणि ती माझ्या हातात आहे.

"मास्तर, शेवटची आहे. काहीही झालं तरी हलायचं नाही. बोलायचं तर नाहीच."

झाकण काढलं. मोजलं नाही.

"मला ती निगेटिव्ह सापडली," मी म्हणाले. "खोक्यात. त्या ठिपक्यावर माझा रंग आहे. प्रकाश जास्त झाला नव्हता, मास्तर. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

मास्तरांच्या भुवईखाली काहीतरी हललं, पण ते हलले नाहीत.

"त्या दिवशी माझी नोकरी गेली असती तर मी कुठे गेले असते, मला माहीत नाही. माझी मुलगी शिकली. परवा तिने मला चष्मा घेऊन दिला. मी हा कॅमेरा शिकले. सगळं तुमच्या त्या एका खोट्यामुळे. तुम्ही प्रमुख झाला नाहीत आणि मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. मी पण गप्प राहिले, त्याची लाज वाटते मला. आणि थँक्यू, मास्तर. मनापासून थँक्यू."

मास्तर तसेच बसले होते. डोळे भरले होते, पण ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. इतकी वर्षं कॅमेऱ्यासमोर पान जराही हलू न दिलेला माणूस तो.

"अगं, झाकण!" वहिनी दारातून ओरडल्या.

मी धावत झाकण लावलं. आठाचे किती झाले होते कुणास ठाऊक. तीस, चाळीस. शेवटची फिल्म आणि मी ती घालवली.

"चल," मास्तर घसा साफ करत म्हणाले, "बघू तरी."

लाल दिव्यात फिल्म ट्रेमध्ये सोडली. एरवी तीन मिनिटं लागतात, ही भराभर काळी व्हायला लागली. "काढ, काढ, लवकर काढ!" मास्तरांनी माझं मनगट धरलं. मी अर्ध्या मिनिटातच ती उचलून पाण्यात आणि मग चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये टाकली. पांढरा दिवा लावला. मास्तरांनी फिल्म दोन बोटांनी कडेला धरून दिव्यासमोर नेली.

आम्ही दोघंही बघत राहिलो. गाल होते, गालावरच्या सुरकुत्या होत्या, स्वेटरची वीण होती, मागच्या खोक्यांच्या सावल्या होत्या. काजळ आणि चुन्याच्या मधलं सगळं आलं होतं. उजेड जास्त खाल्लेली ती फिल्म लवकर बाहेर काढल्यामुळे पहिल्यांदाच नरमली होती. चेहरा अगदी स्पष्ट होता, फक्त डोळे जरा पुसट होते.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत आणि आता तर त्यांच्यासमोर भिंगही नव्हतं. मग त्यांनी नाक ओढलं.

"प्रकाश जास्त झाला," ते म्हणाले.

"हो, मास्तर," मी म्हणाले. "चूक माझी."