गाण्याच्या तळाशी

दातांचा दवाखाना बंद केल्यावर ताईने हौसेने नवा अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेतले. इतकी वर्षं तिचं गाणं ऐकणं म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळीवरचा एक डबडा प्लेअर.

दुकानातल्या माणसाने वायरी जोडल्या. "ओळखीचं काही लावा, म्हणजे फरक कळेल."

तिने तोंडपाठ असलेल्या गाण्याची सीडी लावली आणि पहिल्याच ओळीला दचकली. गाणारीच्या आवाजाखालून कुणीतरी जड पावलांनी, पण अगदी तालात चालत होतं.

"वायर ढिली आहे का हो?"

"नाही मॅडम, तो डबल बास. माणसाएवढं व्हायोलिन असतं ना, ते. जुन्या डब्यात इतके खालचे सूर येतच नसणार."

ते वाजवणारा तिचा धाकटा भाऊ होता.

त्याच्या त्या वाद्याला घरात सगळे 'कपाट' म्हणायचे. नवं गाणं आलं की तो उत्साहाने सांगायचा, "ताई, यात मी आहे." ती प्लेअरला कान लावून म्हणायची, "अजून घरून निघाला नाहीस वाटतं!" सगळे खो खो हसायचे. तोही हसायचा. पुढे त्याने सांगणंच सोडलं. मग कामं आटली, कपाट विकलं गेलं, आणि तो फरशांच्या गोदामात चिकटला. तेव्हाही ती म्हणाली होती, "बरं झालं, घरात जागा झाली."

सुट्टीच्या दिवशी तिने त्याला बोलावून घेतलं. "ऐक, हा तू!"

तो मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या कडव्यात त्याचा चेहरा कसनुसा झाला. "इथे सूर उतरलाय बघ. पुन्हा घेऊ म्हणालो, तर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, राहू दे, कुणाला ऐकू येणारे?"

"मला आलं ना."

"आत्ता," तो म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पुन्हा वाजवशील? आपण एक आणू."

त्याने सुजलेली बोटं पुढे केली. "वळत नाहीत गं आता."

"मग कुठकुठल्या गाण्यांत आहेस ते तरी सांग. सगळी आणते."

त्याने बराच विचार करून दोन सांगितली. "बाकीची नाही आठवत. कुणी विचारायचं नाही, मग लक्षात कशाला ठेवतोय?"

चहा पिऊन तो गेला. ताईने घरातल्या साऱ्या सीड्या काढल्या आणि एकेक लावत बसली. काहींचं रेकॉर्डिंग इतकं पातळ होतं की तळाचं काहीच लागेना. काहींत बास स्वच्छ ऐकू येत होता, बोट तारेवरून सरकल्याचासुद्धा आवाज येत होता. पण त्यातला त्याचा कुठला, ते तिला ओळखता येईना.