धाकट्याच्या नावावर हरकत

चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरात अख्ख्या वाडीने दिल्लीच्या निवडणुकीत मतं टाकली, आणि वाडीत ज्याला दिल्लीतलं सगळ्यात जास्त कळत होतं तो गुणाजी मात्र शाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिला. त्याचं वय भरलं नव्हतं. म्हणजे अंगाने भरलं होतं, कागदाने नाही. बावीस वर्षांचा बाप्या, मिशी फुटून जुनी झालेली, पण शाळेच्या दाखल्यावर वीसच, आणि तेव्हा मताला एकवीस लागत.

ही सगळी नीलकंठ गुरुजींची करणी. गागोद्याच्या पुढच्या त्या वाडीत कुठली आई पोराची जन्मतारीख लिहून ठेवणार? पोर शाळेत आलं की गुरुजी त्याला एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळीत आणि रजिस्टरात लिहीत, एक जून. वाडीतली झाडून सगळी पोरं एक जूनला जन्मलेली. साल तेवढं गुरुजींच्या मर्जीचं. गुणाजी गुरं राखून आठव्या वर्षी शाळेत गेला. एवढा दांडगा पोरगा पहिलीत शोभत नाही म्हणून गुरुजींनी त्याची दोन वर्षं उडवली. त्याचा धाकटा भाऊ सखा दादाच्या मागे शाळेच्या पडवीत खेळायला यायचा. गुणाजी सातवीत होता त्या साली पहिलीचा पट भरेना, म्हणून गुरुजींनी साडेचार वर्षांच्या सख्याला सहाचा करून बसवलं. एकाच माणसाने, एकाच शाईने, थोरल्याची दोन वर्षं काढून घेतली आणि धाकट्याला दीड वर्ष बहाल केलं. गुणाजीला हे ठाऊक होतं, आणि ते त्याच्या मनात कायमचं कुसळासारखं रुतून बसलं होतं.

कागदावर एकवीस पुढच्याच साली भरली, पण दिल्लीची निवडणूक पाच वर्षांनी; तेवढी वर्षं त्याने वाट बघितली. माणसं मुलगी सांगून यायची वाट बघतात, बढतीची बघतात. हा मताची बघत होता. धाटावच्या कंपनीत शिफ्टवर होता, रोह्याला चौघांत मिळून खोली होती. शिफ्ट सुटली की स्टँडवर पेपर घ्यायचा, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा, आणि सुट्टीला घरी आला की ते गठ्ठे घेऊन चावडीवर बसायचा. पंजाबात काय चाललंय, संसदेत कोण कोणाला काय बोललं, कुठला मंत्री का गेला, सगळं त्याला तोंडपाठ. लोक ऐकायचे. कोणी विचारायचं, "गुणाजी, औंदा कुणाला द्यायचं रे?" तो सांगायचाही. सांगून झालं की कोणीतरी हसून म्हणायचं, "पर तुझं सोताचं मत कुठं हाय?" आणि गुणाजीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग एकोणनव्वद साल उजाडलं. आता कागदावरसुद्धा पंचवीस पूर्ण होत होती. आणि नेमकं त्याच साली सरकारने कायदा केला, मताला आता अठरा पुरे.

वाडीभर एकच गोष्ट, सख्याला मत मिळालं. गुणाजीही पहिल्यांदाच मत टाकणार होता हो, पण त्याचं कोणाला काय कौतुक! सख्या पेणच्या कॉलेजात शिकत होता, रोज एसटीने जा-ये करत होता, गोरागोमटा, हसरा, बोलायला गोड. पक्षांचे लोक वाडीत आले की विचारायचे, "नवा मतदार कोण इथला?" आणि गुणाजी पुढे सरकायच्या आत सगळे सख्याकडे बोट दाखवायचे. गुणाजी मनात म्हणायचा, आयत्या बिळावर नागोबा. वाट मी बघितली, आणि दार उघडलं ते याच्यासाठी.

पंधरा ऑगस्टला पेणला नवमतदारांचा मेळावा भरला. सख्या बोलणार होता. गुणाजीने शिफ्ट बदलून घेतली आणि आईला घेऊन गेला. भाऊ बोलणार म्हणून गेला असं तो सांगत होता. खरं तर सख्या अडखळावा अशी त्याची इच्छा होती, आणि ती त्याने स्वतःपासूनसुद्धा लपवली नव्हती.

सख्या अडखळला नाही. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "देशावर प्रेम करा म्हणतात. करतो की आम्ही. झेंडा बघितला की छाती भरून येते. पण आमची वाडी कुठं हाय ते दिल्लीला ठाऊक तरी पाहिजे. एकतर्फी प्रेम किती दिवस करायचं?"

सभागृह हसलं, मग टाळ्यांनी दणाणलं. स्टेजवरच्या पुढाऱ्याने उठून सख्याची पाठ थोपटली. पेणच्या एका साप्ताहिकाच्या वार्ताहराने त्याचं नाव लिहून घेतलं. आई गिरजाबाई पदराने डोळे पुसत होती.

आणि गुणाजी? ते वाक्य गुणाजीचं होतं. गेल्या शिमग्याला घरात जेवताना, ताटावर बसून तो बोलला होता. तेव्हा आई म्हणाली होती, "जेव आधी, आमटी निवते." एवढीच दाद त्या वाक्याला मिळाली होती.

परतीच्या एसटीत सख्या लाजत म्हणाला, "दादा, तुझंच वाक्य ठोकून दिलं रे मी! दुसरं काय सुचेचना."

"बरं केलंस," गुणाजी म्हणाला, आणि पेण ते फाटा खिडकीबाहेर बघत राहिला. सख्याने चोरी लपवली असती तर रागावता तरी आलं असतं. या पोराने तीही सोय ठेवली नव्हती.

आठवड्याभराने चावडीवर मतदारांची कच्ची यादी लागली. गुणाजी मोरू, वय पंचवीस. लगेच खाली सखाराम मोरू, वय एकोणीस. गुणाजी त्या दोन नावांकडे किती वेळ बघत उभा होता कोण जाणे. दोन नावांमध्ये रेघभरसुद्धा अंतर नव्हतं. पाच वर्षं वाट बघणारा आणि एक दिवस न बघणारा, दोघांना सारखीच जागा. यादीखाली लिहिलं होतं, कोणाची हरकत असल्यास अर्ज करावा.

अर्ज लिहिताना त्याने स्वतःची समजूत घातली. आपण हे भावावरच्या रागाने करत नाही, छे! कमी वयाच्या माणसाने मत टाकणं म्हणजे देशाला फसवणं. देश मोठा का भाऊ मोठा? देश. असं चार वेळा म्हटल्यावर त्याने खाली सही ठोकली. माणसाला आतून मत्सराची आग लागली की तो पहिल्यांदा झेंडा अंगाभोवती गुंडाळतो, हे गुणाजीनेच एकदा कुठल्याशा मंत्र्याबद्दल चावडीवर सांगितलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याला ते आठवलं नाही.

नोटीस घेऊन कोतवाल नाथा घरी आला. गुणाजी तेव्हा सुट्टीवर घरीच होता. नाथाने ओसरीवर उभं राहून वाचून दाखवलं, हरकत घेणाराचं नाव आलं तसा तो थांबला, आणि मग हळू आवाजात वाचून मोकळा झाला.

गिरजाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"गुण्या, त्याचं मत गेलं म्हंजे तुला दोन मिळतील काय रे?"

"आये, परश्न मताचा नाय. खऱ्या-खोट्याचा हाय. सख्या लढाईच्या साली झाला का नाय? तूच सांगतेस. एकात्तरची लढाई, दिवे इझवायचा हुकूम होता, आन् सुईण चाचपडत आली. मग हिशेब कर. अजून सतराच हाय तो."

"व्हय, हाय सतराचा. म्हणून काय भावाला कचेरीत उभा करशील?"

सख्या दारातच उभा होता. त्याने दादाकडे बघितलं आणि पाण्याची कळशी उचलून विहिरीकडे गेला. तो भांडला असता तर गुणाजीला बरं वाटलं असतं.

गणपती बुडाले आणि सुनावणीची तारीख आली. तिघं एकाच एसटीने पेणला गेली, आई दोघांच्या मधे बसली. कचेरीत पाचपन्नास माणसं आपापल्या हरकती घेऊन बसलेली. गुणाजीने साक्षीला नीलकंठ गुरुजींना बोलावलं होतं. गुरुजी आता निवृत्त होऊन पेणलाच राहत होते. मतदार नोंदणीच्या साहेबांनी त्यांना विचारलं, तर गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दाखल्यावर आहे तेच खरं. मी चाळीस वर्षं चोख नोंदी केल्या आहेत."

गुणाजी बघतच राहिला. आपली दोन वर्षं खाल्ली ती खाल्लीच, वर म्हातारा चोख म्हणतोय!

साहेबांनी गिरजाबाईला विचारलं, तिने खालच्या आवाजात लढाईचं साल सांगितलं, आणि त्यांनी कागद मिटला. "आईच्या तोंडच्या आठवणीवर नाव निघत नाही. शाळेचा दाखला आहे, त्याप्रमाणे मुलगा एकोणीसचा. हरकत फेटाळली. पुढचं प्रकरण."

झालं. गुणाजी हरला होता. सगळ्या कचेरीदेखत धाकट्या भावाशी हरला होता, आणि मागे कोणीतरी फिसकन हसलंही. त्याचे कान तापले.

तेवढ्यात सख्या उठला.

"साहेब, दाखला चुकीचा हाय. मी सतराचा हाय. आई सांगते तेच खरं. माझं नाव काढा."

साहेबांनी मान वर केली. "पोरा, तुझ्या बाजूने निकाल लागलाय. लिहून द्यावं लागेल. विचार कर."

"केला साहेब. देतो लिहून." मग तो माणसांकडे वळला. आवाज तोच, मेळाव्यातला, सगळ्यांपर्यंत पोचणारा. "कोणी माझ्या दादाला हसू नका. त्याने अर्ज केला तो देशासाठी केला. खोटं मत पडू नये म्हणून. माझा दादा देशाफुडं सख्खा भाऊसुद्धा बघत नाय."

बाकांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी गुणाजीचा हात धरून हलवला. साहेबसुद्धा म्हणाले, "असे चार भाऊ गावोगाव हवेत." गिरजाबाई एकटी टाळ्या वाजवत नव्हती. ती थोरल्याकडे टक लावून बघत होती, आणि गुणाजीने मान खाली घातली.

त्यानंतरचे दोन महिने गुणाजीने जन्मात विसरू नयेत असे गेले. पेणच्या त्या साप्ताहिकात मोठ्या अक्षरात छापून आलं, भावाआधी देश. रोह्याच्या खोलीत पोरांनी ते भिंतीला चिकटवलं. धाटावला गेटवर एक सुपरवायझर मुद्दाम थांबून म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." जन्मभर ज्या कौतुकाला तो हपापला होता ते आता ओंजळीत मावत नव्हतं, आणि त्यातला एक घोट त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. कारण प्रत्येक माणूस दोन वाक्यं गुणाजीवर बोलायचा आणि तिसरं, "पण त्या धाकट्याची कमाल हां! हातात आलेलं मत सोडून दिलं!" म्हणजे इथेही वरचढ तोच. गुणाजीचं मोठेपण सख्याने दिलेलं, सख्याच्या तोंडून आलेलं. रात्रपाळीला मशीनसमोर उभा राहून तो जळायचा. आधी त्याला भावाचं मत खुपत होतं, आता चांगुलपणा खुपायला लागला होता. मत निदान अर्ज करून काढता येत होतं.

नोव्हेंबरात मतदान आलं. भात झोडून झालं होतं, लोक वालाच्या पेरणीत होते, तरी सकाळपासून शाळेत रांग लागली. गिरजाबाईच्या गुडघ्याला सूज होती म्हणून सख्या तिला हाताला धरून घेऊन आला. रांगेतल्या लोकांनी गुणाजीला हात जोडून पुढे जायला सांगितलं. म्हातारा काळुराम तर म्हणाला, "आधी देशभक्ताला जाऊ दे." गुणाजी म्हणाला, "नको, रांगेनंच जातो," तर त्याचंही कौतुक झालं.

आत गेला. बोटाला शाई लागली, हातात मतपत्रिका आली, शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली. जेमतेम दोन मिनिटं. आनंद व्हायला हवा होता. ओठ कोरडे पडले होते, बाकी काही नाही.

बाहेर आला. सख्या कट्ट्यावर बसून आईची वाट बघत होता. त्याने हसून विचारलं, "टाकलंस दादा? झालं एकदाचं."

एवढं साधं विचारलं, आणि गुणाजीच्याने ते सोंग पुढे रेटवेना. तो शेजारी बसला.

"सख्या, तो अर्ज मी देशासाठी नव्हता केला."

"ठाऊक हाय."

गुणाजीने चमकून बघितलं. "कधीपासनं?"

"नाथाने वाचला तवापासनं. दादा, मेळाव्यातनं येताना तू फाट्यापातुर माझ्याकडं बघितलं नव्हतंस. मला तवाच कळाय हवं होतं. तुझं वाक्य मी नको घ्यायला होतं."

"मग कचेरीत असं का बोललास? खरं सांगायचंस. म्हणायचंस, माझा भाऊ जळतो माझ्यावर."

सख्याने पायाने माती उकरली. "तसं बोललो असतो तर लोकांनी तुला इचारलं असतं, का जळतोस. मग मला इचारलं असतं, मग आयेला. वर्षभर चावडीवर आपलंच घर चघळलं असतं. देशाचं नाव घेतलं की दादा, फुडं कोण काय इचारत नाय."

गुणाजीला उमाळा आला होता, या पोराला जवळ घ्यावं असं वाटत होतं, शाई लागलेला हात अर्धा उचललाही होता. पण त्याच वेळी, अगदी त्याच क्षणी, त्याच्या मनात आलं की देशाबद्दल इतकं खरं वाक्य आपण इतक्या वर्षांत एकदाही बोललो नाही, आणि हा सतरा वर्षांचा पोरगा माती उकरता उकरता बोलून गेला. गुणाजीने हात खाली घेतला. त्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं.