डबीचा आवाज

गेटवरच्या वॉचमन नौशादने डबी कानाशी नेऊन हलवली. आत काहीतरी खडखडलं.

"तंबाखू कधीपासून वाजायला लागली, भावा?"

सयाजीच्या मागे दुसऱ्या शिफ्टची रांग खोळंबली होती. कंपनीच्या गेटवर तंबाखूबंदी नुकतीच लागू झाली होती, आणि हा शहाणा आपली गोळी न्यायला नेमकी तंबाखूची डबी वापरत आला होता. चाकणमध्ये तंबाखूच्या डबीला कोण काय विचारतं? चालवलेली अक्कल अशी अंगाशी आली.

नौशादने झाकण जरासं उघडून आत पाहिलं आणि लगेच दाबून बंद केलं.

"तंबाखूच आहे," रांगेला ऐकू जाईल असं तो म्हणाला. "आत जाणार नाही."

डबी केबिनच्या खणात गेली. सयाजी तसाच आत गेला. औषध आहे म्हटलं असतं तर कशाचं, हे पुढे आलंच असतं. मग खोलीवरची गावाकडची पोरं, मग सगळं गाव.

प्रेस मशीनवर उभा राहिला तरी त्याचं डोकं नऊच्या गोळीतच होतं. बंदीच्या धास्तीने काही दिवस डबी खोलीवर ठेवून पाहिली, तर रात्री पोचल्या पोचल्या झोप लागायची आणि गोळी राहायची. एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या दिपालीताई त्यावर रागावल्या नव्हत्या, हेच त्याला जास्त लागलं होतं.

"तुमच्या अंगात पहारेकरी आहेत, सयाजीराव. विषाणू वळवळायला लागला की त्यांना रात्रंदिवस ड्युटी. लढण्यापेक्षा जागरणानेच जास्त संपतात ते. गोळीने विषाणू दबतो, मग त्यांचा जरा डोळा लागतो. अशी चुकत गेली, तर हीच गोळी उद्या चालायची नाही."

तो शीण सयाजीच्या ओळखीचा होता. दुखत काहीच नव्हतं, नुसता जीव थकलेला.

जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनच्या कोपऱ्यात भाताला हात न लावता बसून राहिला. नौशाद आला. डबल ड्युटीने त्याचेही डोळे तारवटले होते. त्याने डबी ताटाशेजारी ठेवली.

"आत कापूस घालत जा," तो हळूच म्हणाला. "मग वाजत नाही."

सयाजीने डबी हलवली. आवाज आला नाही. उघडली, तर कापसाच्या बोळ्यात गोळी नीट बसवलेली. तुला कसं कळलं, असं विचारायला त्याने मान वर केली.

नौशाद दारापर्यंत पोचला होता. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजत होते. त्याने शर्टाच्या खिशातून एक डबी काढली. तीही वाजली नाही. पाठमोरा होऊन त्याने काहीतरी तोंडात टाकलं आणि मान मागे करून बाटलीतलं पाणी प्यायला.

सयाजीने ग्लास उचलला.