नळी उतरती हवी

तिसऱ्यांदा लाल दिवा लागून मशीन बंद पडलं, तेव्हा भावजयीने खळीचा ब्रश वाटीत आपटला.

"मर मेल्या!" ती मशीनला म्हणाली.

तळघरात तिचं पुस्तकबांधणीचं काम चाले. हवेतली ओल ओढून घेणारं ते चाकांवरचं डीह्युमिडिफायर तिने मोठ्या हौसेने आणलं होतं. दमट हवेत खळ वाळत नव्हती, पुठ्ठे वाकत होते, आणि वाचनालयाने विश्वासाने सोपवलेल्या चाळीस जुन्या ग्रंथांवर बुरशीचे ठिपके दिसू लागले होते. पण मशीनला जोडलेल्या नळीतून एक थेंब बाहेर पडेल तर शपथ! सगळं पाणी पोटातल्या टाकीत साचायचं, टाकी भरली की दिवा लागायचा आणि मशीन ढिम्म. दुरुस्तीवाला फोनवर "येतो, येतो" म्हणत आठवडा काढत होता.

आवाज ऐकून नणंद, म्हणजे ताई, जिना उतरून खाली आली. चौतीस वर्षं इस्पितळात सिस्टर म्हणून काढून ती दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली आणि धाकट्या भावाकडे राहायला आली. भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर, त्यामुळे घरात या दोघीच. नणंद-भावजयीचं छान जमलं म्हटलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण जमलं होतं खरं. इतकी वर्षं दिवसभर कागदांशी बोलणाऱ्या भावजयीला "जेवलीस का गं?" असं विचारणारं माणूस मिळालं होतं.

आणि तेच माणूस आता निघालं होतं. परवाच ताईने जाहीर केलं होतं की तिने वृद्धाश्रमात खोली घेतली आहे आणि शनिवारी सकाळी ती जाणार. "आता मी कोणाला लागत नाही. अडगळ होऊन राहण्यापेक्षा आपली खोली बरी." भावजयीने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. पण ताई ऐकेल तर ना!

"कधीपासून असं होतंय?" ताईने विचारलं.

"मागच्या सोमवारपासून."

"दिवसाला किती पाणी जमतं?"

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे किती? मोजलंस?"

भावजय ओशाळली. ताईने बाह्या वर सारल्या, आधी प्लग काढला आणि गुडघ्यांवर बसून नळी चाचपत निघाली. मशीनच्या पाठीतून निघालेली नळी दारापाशी खिळ्यावर चढली होती, तिथे दोन वेटोळी घेऊन पलीकडे गटाराच्या जाळीत उतरली होती.

"हा प्रताप कोणाचा?"

"माझाच. पायात यायची, म्हणून टांगली. नीटनेटकी दिसते ना?"

"दिसते गं. पण पाणी काय खिळ्यावर चढून जाणार आहे?" ताईला हसू आवरेना. "वॉर्डात नव्या पोरी हेच करायच्या. लघवीची पिशवी पेशंटच्या उशाशी ठेवायच्या, का तर पसारा दिसत नाही! अगं, पिशवी कायम खाटेच्या खाली. नळी उतरती हवी, कुठे दुमडायला नको, लोंबायला नको."

दोघींनी मिळून मशीन उचलून लाकडी खोक्यावर चढवलं. ताईने वेटोळी सोडवली, जास्तीची नळी पुठ्ठ्याच्या कात्रीने कापून टाकली. मग आपल्या पेटीतून मोठी पिचकारी आणून तिने मशीनच्या नळी जोडायच्या तोंडात कोमट पाणी हळूहळू सोडलं. हिरवट, बुळबुळीत गोळा सुटून बाहेर आला.

"हे बघ. नुसती नळी सरळ केली असती तरी हा अडून बसला असता." टाकीतला तरंगता खटकाही चिकटलेला होता, तो तिने टिचकी मारून मोकळा केला, टाकी पुसून खट्‌कन आवाज येईपर्यंत आत सरकवली आणि मशीन चालू केलं.

मग दोघी नळीच्या टोकाशी बसून राहिल्या. वीस मिनिटं झाली. भावजयीने दोनदा तोंड उघडलं, दोनदा ताईने हाताने गप्प केलं. पहिला थेंब पडला. दुसरा पडला. ताई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजत होती.

"मिनिटाला बारा. चांगलं आहे."

भावजय तिच्याकडे बघतच राहिली. कसली बाई आहे ही! दुरुस्तीवाल्याला आठवड्यात जमलं नाही ते हिने एका दुपारी केलं, तेही आवाज न चढवता. आणि म्हणे मी कोणाला लागत नाही!

संध्याकाळपर्यंत मशीनवर तक्ता लटकला: तारीख, वेळ, पाणी, हवेतली ओल, सही. दर चार तासांनी ताई जिना उतरून आकडे भरायची. ओल ब्याऐंशी टक्क्यांवरून पंचावन्नावर आली, पुठ्ठे सपाट झाले, ग्रंथ कोरडे पडले. पण वरच्या खोलीत बॅगही भरली जात होती.

शनिवारी सकाळी टॅक्सी दाराशी आली, तेव्हा ताई जाण्याचे कपडे घालून तळघरात उभी होती. हातात तक्ता आणि पेन.

"चल, चार्ज घे. नळी रोज बघायची. दर रविवारी पिचकारीने धुवायची. सगळं लिहून ठेवलंय. खाली सही कर."

भावजयीने पेन घेतलं आणि तक्ता वाचला. अक्षर मोत्यासारखं. तिला नवऱ्याने सांगितलेलं आठवलं: एकदा पुरामुळे पुढच्या पाळीची सिस्टर आली नाही, तर ताई दोन दिवस वॉर्डातून हलली नाही. चार्ज घ्यायला कोणी येईपर्यंत वॉर्ड सोडायचा नाही, हा तिचा नेम. भावजयीने पेनाला टोपण लावलं.

"मी नाही सही करत."

"म्हणजे?"

"मला नाही जमायचं. मी परत टांगून ठेवीन."

"वेडी आहेस का? इतकं लिहून दिलंय!"

"असू दे. मी चार्ज घेत नाही."

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. भावजयीने पेनासकट दोन्ही हात पाठीमागे धरले होते. डोळे भरून आले होते, पण ती जागची हलली नाही.

"मग पुढच्या पाळीचं माणूस येणार कधी?" ताईने हळूच विचारलं.

"काही सांगता येत नाही. माणसांची फार टंचाई आहे."

ताईने मान खाली घातली. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि भावजयीच्या हातातून पेन ओढून घेतलं.

"टॅक्सीवाल्याला जा म्हणावं," ती म्हणाली. "मला आठचं पाणी मोजायचंय."